पाळलेल्या टॅरँटुलाला भावना असतात का? ती माणसावर रुसते का?

भाऊ, रुसलीबिसली काही नाही, कात टाकायला आलीय. मेक्सिकन रेड-नी जातीची टॅरँटुला, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्याची मादी, तीन वर्षं हातावर निवांत बसायची, आता वीस दिवस झुरळाला शिवत नाही आणि घरचे म्हणतात रुसलीय, असं तुम्ही भुसावळहून लिहिलंय. हे ‘रुसणं’ ऐकलं की माझं डोकं फिरतं. या एका शब्दापायी जनावरं मरतात.

आधी तिचं पोट बघा. मागच्या बाजूला केस झडून टक्कल पडलं असेल आणि तिथली कातडी काळपट दिसत असेल, पोट टरटरीत फुगलेलं असेल, तर कात जवळ आली. पोट सुरकुतलेलं, बारकं झालं असेल तर मात्र पाणी कमी पडतंय. वाटी काठोकाठ भरा.

जळगावात एका घरी मे महिन्यात असंच झालं. दोन आठवडे उपास, मग एका दुपारी मादी उताणी. ‘गेली बिचारी’ म्हणत काडीने पालथी केली. ती मेलेली नव्हती. टॅरँटुला कात टाकताना जाळ्याची चटई विणून पाठीवर झोपते. अंगाच्या पुढच्या भागावरची कडक ढाल डब्याच्या झाकणासारखी उचकटते आणि मोज्यातून पाय काढावा तसा एकेक पाय जुन्या कातडीतून ओढून काढावा लागतो. मोठ्या मादीला यात कित्येक तास जातात, अंग तेव्हा लोण्यासारखं मऊ असतं. उलथवल्यामुळे दोन पाय कातीतच अडकले, सांध्यातून निळसर द्रव झिरपला. वर कुणीतरी दया येऊन दुसऱ्या दिवशी जिवंत झुरळ आत सोडलं. ताज्या कातीनंतर दात पांढरे आणि लिबलिबीत असतात, चावताच येत नाही. झुरळानेच तिला कुरतडलं.

मेलेली टॅरँटुला बहुधा पाय पोटाखाली मुडपून पडते. पायाच्या मुख्य सांध्यांना सरळ करणारे स्नायूच नसतात. जेसीबीचा हात जसा तेलाच्या दाबाने उघडतो तसे तिचे पाय रक्ताच्या दाबाने उघडतात. दाब गेला की पाय मिटले. एवढं ठाऊक असतं तर काडी घातली नसती.

आता तुमचा प्रश्न. ती तुम्हाला ओळखत नाही. आठ डोळे असूनही तिला उजेड-अंधार आणि जवळची हालचाल यापलीकडे फारसं दिसत नाही. तिचं जग थरथरीचं आहे, अंगावरच्या बारीक केसांना हवेची झुळूकही कळते. तुमचा तळहात म्हणजे तिच्यासाठी उबदार, हलणारी जमीन. त्यावर ती शांत बसते ते सरावाने. असा सराव समुद्री गोगलगायीलाही होतो. एरिक कँडेल यांना 2000 साली नोबेल मिळालं, त्यामागे अशाच एका गोगलगायीवरचं काम होतं.

पण ‘किडाच तो, त्याला काय कळतंय’ म्हणणाऱ्यांशीही माझं जुनं भांडण आहे. शास्त्रज्ञांनी काढलेल्या 2024 च्या न्यूयॉर्क जाहीरनाम्यात अनेक अपृष्ठवंशी प्राण्यांना जाणीव असण्याची खरीखुरी शक्यता मान्य केली आहे. त्यात कीटक, खेकडे, ऑक्टोपस यांची नावं आहेत, कोळ्यांचं नाही. प्राण्यांच्या जाणिवेबद्दलच्या ब्रिटनच्या 2022 च्या कायद्यातही खेकडे-शेवंडं आली, कोळी राहिले. उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या पिल्लांचे डोळे झोपेत आपल्या स्वप्नावस्थेसारखे हलतात हे 2022 मध्ये दिसलं. त्यांची नजर तीक्ष्ण, टॅरँटुलाची नाही, म्हणून तो धागा मी फार ताणणार नाही. माझं मत विचाराल तर प्रेम शोधू नका, भीती आहे असं धरून चाला. मागच्या पायांनी पोटावरचे केस उडवणं, पुढचे पाय उचलून दात दाखवणं, दिवसरात्र काचेवर चढत राहणं ही तिची भाषा पुरेशी स्पष्ट आहे.

डबा फ्रिजवर असेल तर आजच उतरवा, काँप्रेसर सुरू झाला की तिच्यासाठी भूकंप. आपल्याकडे पारा 44-45 वर जातो तेव्हा डबा जमिनीवर, माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवा. कूलरचा झोत सरळ नको, डब्यातलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वाळून कोरडं ठाक होतं. खोलीत मच्छरचं लिक्विड नको. आणि कपाशीच्या बांधावरचे नाकतोडे पकडून कधीच घालू नका. फवारणीचं औषध त्यांच्या अंगात असतं, ते खाल्लं की पाय झटके देऊ लागतात आणि त्यावर उतारा नाही. झुरळं घरी पाळलेलीच द्या, कात झाल्यावर दात काळे होईपर्यंत, म्हणजे साधारण 10 ते 15 दिवस, तीही नाही.

हातावर घेणं बंद केलंत तर उत्तम. घ्यायचंच असेल तर जमिनीवर बसून, गादीवर. उभ्याने हातातून पडली तर पोट फुटतं.

एक राहिलं. ही जात साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. वन्यजीव कायद्यातली 2022 ची दुरुस्ती आणि 2024 चे नियम यांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर (वेबसाइटवर) नोंदणी लागते, ती केली नसेल तर करून घ्या. आणि वीस दिवसांचा उपास काहीच नाही, मोठ्या माद्या महिनोन्महिने खात नाहीत. पाणी भरा, आतलं उरलेलं झुरळ काढा, आणि उताणी दिसली तर काडी लांब ठेवा.