फोल्डर दिसते, पण त्यात लिहिता येत नाही

प्रश्न : कार्यालयातील लिनक्स सर्व्हरवरचे फोल्डर मी एनएफएस या, नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकावरचे फोल्डर वापरू देणाऱ्या पद्धतीद्वारे माझ्या लिनक्स संगणकाला जोडले आहे; सर्व्हरवर लेखनाची मुभा दिलेली असूनही फाइल जतन करताना परवानगी नाकारली जाते. असे का होते?

उत्तर : सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये विकसित केलेली ही पद्धत नेहमीच्या मांडणीत परवानगी तपासताना वापरकर्त्याचे नाव नव्हे, तर क्रमांक पाहते, म्हणून तुमच्या संगणकावरचा १००१ क्रमांकाचा वापरकर्ता सर्व्हरच्या लेखी भलताच कोणी असू शकतो. दोन्हीकडे ‘आयडी’ (id) ही आज्ञा चालवून क्रमांक ताडून पाहावेत व सारखे करावेत. रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, होऊन लिहिण्याचा प्रयत्नही बहुधा फसेल, कारण सर्व्हर बाहेरून आलेल्या रूटला मुद्दाम अनामिक वापरकर्ता मानतो. हे संरक्षण काढून टाकण्याचा सल्ला अनेक जण सहज देतात, मी मात्र तो कदापि देणार नाही.