जुना १२० चा रोल घरी धुताना
जुना १२० चा रोल (मागे कागद लावलेली, ३५ एमएमपेक्षा रुंद कॅमेरा फिल्म) घरीच धुवायचा, म्हणजे डेव्हलप करायचा म्हणतोयस ना? कर बिनधास्त, वाटतं तेवढं अवघड नाहीये. फक्त तो जुना रोल लगेच उघडू नकोस. आधी एक साधा नवा रोल बळी दे, उजेडात पाच-सहा वेळा रीलवर (टँकमध्ये फिल्म गुंडाळून धरणारी चकरी) चढव, मग डोळे मिटून, मग अंधारात, कारण खरी गोची इथेच होते, फिल्म मागच्या कागदाला एका टोकाला टेपने चिकटवलेली असते आणि जुनी फिल्म वर्षानुवर्षं गुंडाळून असल्यामुळे सारखी गोल होत राहते. रील ठणठणीत कोरडी हवी, जरा ओली असली की अडकलीच म्हणून समज (मी एकदा पाऊण तास अंधारात घाम गाळलाय).

बाकी:
- खरा रोल रीलवर चढवून टँक बंद होईपर्यंत लाल दिवासुद्धा नको, पूर्ण अंधार.
- डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) २०° सेल्सिअसला, रील बुडेल एवढा, साधारण ५०० मिली. ३५ एमएमच्या सवयीने लोक कमी ओततात.
- बळीच्या रोलचा तुकडा फिक्सरमध्ये (चित्र पक्कं करणारं रसायन) टाक, तो पूर्ण पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ खरा रोल फिक्स कर.

पुश (जास्त वेळ डेव्हलप करणं), स्टँड (पातळ डेव्हलपरमध्ये न हलवता बराच वेळ ठेवणं) वगैरे प्रकार सध्या सोड. निगेटिव्ह धुरकट आली तरी फेकू नकोस, जुन्या फिल्मला फॉग (सगळीकडे पसरलेला करडेपणा) असतोच, स्कॅनमध्ये बरंच काही निघतं.