वाचक विचारतात : घड्याळाची चिप कर्नलला दिसेना

प्रश्न : लिनक्स चालणाऱ्या एआरएम बोर्डाला डीएस३२३१ ही घड्याळाची चिप आयटूसी बसवर (दोन तारांच्या जोडणीवर) जोडली. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये) नोंदही केली, पण कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आरटीसी० हे घड्याळाचं उपकरण काही उगवत नाही. चूक कुठे?

उत्तर : पीसीआय किंवा यूएसबीवरचं उपकरण आपली ओळख स्वतः सांगतं. आयटूसी मुकी आहे, म्हणून सगळं आपल्यालाच लिहून द्यावं लागतं. आधी डिव्हाइस ट्रीमध्ये आयटूसी बस चालवणाऱ्या कंट्रोलरचा नोड, म्हणजे त्याची नोंद, पाहा. एसओसीच्या (बोर्डाच्या मुख्य चिपच्या) मूळ फाइलमध्ये त्याचं ‘स्टेटस’ बहुधा ‘डिसेबल्ड’ असतं. बोर्डाच्या फाइलमध्ये ते ‘ओके’ केलं नाही, तर बसच नोंदली जात नाही. मग चिपचा नोड कितीही अचूक असो, व्यर्थ!

नेहमीची गफलत पत्त्याची. चिपच्या नोडमधल्या ‘रेग’मध्ये ७ बिटांचा पत्ता, म्हणजे ०एक्स६८ हवा. अनेक जण त्यात चिपवर लिहिताना वापरायचा ०एक्सडी० हा पत्ता घालतात. तो एक बिट डावीकडे सरकवलेला पत्ता आहे, आणि कर्नल तो अवैध म्हणून नाकारतो. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) तशी तक्रार सापडेल.

आता बसवरचे पत्ते तपासणारी आयटूसी-डिटेक्ट ही आज्ञा चालवा. ६८च्या जागी नुसत्या रेघा आल्या तर वायरिंग, पुल-अप रोध (तारांचा व्होल्टेज वर धरून ठेवणारे) आणि पिनकंट्रोल (पिनांची कामं ठरवणारी नोंद) तपासा. ‘६८’ दिसलं तर चिप बोलतेय, पण ड्रायव्हर (चिप हाताळणारा कर्नलचा प्रोग्राम) चिकटलेला नाही : ड्रायव्हर निवडणाऱ्या ‘कंपॅटिबल’ नोंदीमधलं ‘मॅक्सिम,डीएस३२३१’ अक्षरन् अक्षर जुळवा. ‘यूयू’ म्हणजे ड्रायव्हरने पत्ता ताब्यात घेतला. कर्नलच्या कॉन्फिगमध्ये (काय समाविष्ट करायचं ते ठरवणाऱ्या यादीत) मात्र ड्रायव्हर डीएस१३०७ या नावाने शोधा. डीएस३२३१ शोधत बसलात तर दिवस जाईल.