विद्यापीठातलं जगणं, खेळ, संगीत आणि आंतरराष्ट्रीय संबंध: चारही विषय एकाच मराठी पॉडकास्टमध्ये घेता येतील का?

तुम्ही लिहिलंय की एम. ए.च्या पहिल्या वर्षाला आहात, होस्टेलवरच्या दोन मैत्रिणींबरोबर गप्पांचा पॉडकास्ट सुरू करायचाय, आणि या चार विषयांचे चार विभाग करावेत की एकच विषय धरावा ते ठरत नाहीये.

चारही घ्या. फक्त त्यांचे विभाग पाडू नका.

पुण्यात शिकताना आम्ही तिघांनी असाच पॉडकास्ट चालवला. सुरुवातीला वाटणी केली होती: एका आठवड्यात खेळ, दुसऱ्यात संगीत, तिसऱ्यात परराष्ट्र धोरण. परराष्ट्र धोरणावर 40 मिनिटं बोललो आणि त्यात पेपरात आलं नव्हतं असं एक वाक्यही नव्हतं. तेच ऐकायला कुणी आमच्याकडे का यावं?

मग एक मुलाखत झाली आणि आमची पद्धतच बदलली. वरच्या मजल्यावर एक अफगाण मुलगा राहायचा. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर 2019 साली आलेला. ऑगस्ट 2021 मध्ये तालिबानने काबूल घेतलं, तेव्हा तो इथे होस्टेलवर होता. त्याच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. का ते पुढे सांगतो.

मी पहिलाच प्रश्न विचारला, "तालिबान आल्यावर तुला काय वाटलं?" त्याने दोन वाक्यांत उत्तर दिलं. अगदी व्यवस्थित, कुणालाही देता येईल असं. हा प्रश्न त्याला पन्नास जणांनी विचारला असणार. मी गप्प झालो. मग माझ्या मैत्रिणीने विचारलं, "गहुंजेच्या मॅचला कसा गेलास?"

त्यानंतर तो पंचवीस मिनिटं थांबला नाही.

30 ऑक्टोबर 2023. पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियमवर क्रिकेट वर्ल्ड कप, अफगाणिस्तान विरुद्ध श्रीलंका. लोणावळा लोकलने बेगडेवाडीला उतरून तो आणि त्याचे मित्र चालत निघाले. पिशवीत घडी घातलेला काळा-लाल-हिरवा झेंडा, जो त्याने येतानाच घरून आणला होता. तालिबानचा झेंडा पांढरा. क्रिकेट टीम मात्र अजूनही तालिबानच्या आधीच्या त्या तिरंगी झेंड्याखालीच खेळते, आणि मॅचआधी जुनंच राष्ट्रगीत वाजतं. ते पश्तो भाषेत आहे, देशातल्या जमातींची नावं त्यात एकामागून एक येतात. याची मातृभाषा दरी, म्हणजे तिकडची फारसी. शाळेत ते पाठ करताना अडखळायचा म्हणून गुरुजी ओरडायचे. त्या दिवशी गहुंजेत त्याने ते न चुकता म्हटलं, आणि म्हणता म्हणताच ते फोनवर रेकॉर्ड करून बहिणीला पाठवलं.

बहीण तिकडे विद्यापीठात शिकत होती. डिसेंबर 2022 मध्ये मुलींना विद्यापीठं बंद झाली, तेव्हापासून घरी. तिने कानात इअरफोन घालून ते ऐकलं, कारण संगीतावरही बंदी आलेली. संध्याकाळभर तो तिला स्कोअर कळवत राहिला. श्रीलंका 241 वर आटोपली, रहमत शाहने 62 केल्या, शेवटी शाहिदी आणि उमरझाई नाबाद राहिले आणि सात विकेट राखून मॅच जिंकली. हे सांगताना तो आमच्या खोलीत उभा राहिला होता. माइकपासून लांब गेल्यामुळे तेवढ्या भागाचा आवाज बारीक आहे. आम्ही तो तसाच ठेवला.

आता बघा, यात विद्यापीठ आहे, खेळ आहे, संगीत आहे, आणि तेव्हा कुणाचीच मान्यता न मिळालेल्या सरकारचा, दोन झेंड्यांचा प्रश्नही आहे. एकही विषय आम्ही ओढून आणला नव्हता. म्हणून सांगतो, माणूस निवडा आणि त्याचा एक दिवस निवडा. काय वाटलं हे विचारू नका. कसा गेलास, पिशवीत काय होतं, शेजारी कोण बसलं होतं, हे विचारा. वाटलेलं आपोआप बाहेर येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या दारात आला. रात्रभर झोपला नव्हता. गावाचं आणि बहिणीच्या विद्यापीठाचं नाव काढा म्हणाला, आणि तिचा जो उलट निरोप त्याने आम्हाला ऐकवला होता, तोही. तिचा आवाज कुणी ओळखला तर? आम्ही ते सगळं कापलं. तिचं म्हणणं त्याने स्वतःच्या शब्दांत पुन्हा सांगितलं. तेव्हापासून आमचा नियम झाला: एपिसोड बाहेर जाण्याआधी पाहुण्याने तो पूर्ण ऐकायचा, आणि तो म्हणेल ते काढायचं, कारण न विचारता. हा नियम तुम्ही पहिल्या दिवसापासून पाळा, माझी कळकळीची विनंती आहे. परदेशी विद्यार्थ्यांशी बोलणार असाल तर जास्तच. आपल्यासाठी तो एक एपिसोड असतो, पण त्यांची घरची माणसं तिकडे असतात.

भाषेचं म्हणाल तर तो हिंदीत बोलला, आम्ही मधे मधे मराठीत जोडून घेतलं. ऐकणाऱ्यांना काहीच अडचण आली नाही.

पाहुणा परदेशीच हवा असंही नाही. कोल्हापूरकडच्या असाल तर तालमीत जा. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला खाशाबा जाधवांना जाता यावं म्हणून राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले, आणि खाशाबा ब्राँझ घेऊन आले. आज तुमच्या विद्यापीठातून बाहेर खेळायला जाणाऱ्या मुलीचं तिकीट कोण काढतं, एवढा एक प्रश्न तासभर पुरेल.

सामान फार लागत नाही. दोन फोन, प्रत्येकापुढे एक, दोन्ही एअरप्लेन मोडवर. सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ट्रॅक जुळवता येतात. पंखा बंद, गाद्या भिंतीला उभ्या. गाणी मात्र उचलून वापरू नका, हक्कांचा प्रश्न येतो. पाहुण्यालाच दोन ओळी गुणगुणायला सांगा. आमच्या त्या एपिसोडच्या शेवटी त्याचंच गुणगुणणं आहे, मागे मेसच्या भांड्यांचा आवाज येतो.

सबमिशनच्या आधी तीन-चार एपिसोड रेकॉर्ड करून ठेवा, नाहीतर डिसेंबरात खंड पडतो. पहिला टाकलात की मला कळवा, मी नक्की ऐकणार आहे.