'पुंज क्षेत्र सिद्धांत'चा विग्रह कसा करायचा?

प्रश्न असा आहे की क्वांटम फील्ड थिअरीला (क्षेत्रांना क्वांटमचे नियम लावणारा भौतिकशास्त्रातला सिद्धांत) मराठीत 'पुंज क्षेत्र सिद्धांत' म्हणतात, मग ते पुंजांचं क्षेत्र की क्षेत्रातले पुंज?

माझ्या मते दोन्ही नाही. 'क्षेत्रांचा पुंज सिद्धांत' असा विग्रह करा. म्हणजे पुंज हा शब्द सिद्धांताला चिकटतो, मधल्या क्षेत्राला नाही.

आधी क्षेत्र. आपला 'शेत' हा क्षेत्राचाच तद्भव आणि इंग्रजी फील्डचा रोजच्या वापरातला अर्थही शेतच, त्यामुळे जोडी झकास जमलीय. फॅरेडेने १८४५च्या सुमाराला चुंबकाभोवतीच्या जागेसाठी तो शब्द वापरला. फक्त भौतिकशास्त्रात क्षेत्र म्हणजे नुसती जागा नव्हे, जागेच्या प्रत्येक बिंदूपाशी असलेली राशी, हवामानाच्या नकाशावर ठिकठिकाणचं तापमान असतं ना, तसं. पुंज मात्र मला कधीच आवडला नाही. लॅटिन क्वांटम म्हणजे 'किती', आणि आपला पुंज म्हणजे ढीग (तेजःपुंज आठवा), म्हणजे सगळ्यात लहान हिश्श्याला आपण ढीग म्हणतोय! पण रुळलाय आता, असो.

आता विग्रह असाच का, तर ते इतिहासावरून कळतं. १९२६ साली बॉर्न, हायझेनबर्ग आणि जॉर्डन या तिघा भौतिकशास्त्रज्ञांचा पेपर छापून आला, त्यात जॉर्डनने कंप पावणाऱ्या तारेसारखं क्षेत्र घेऊन त्याला क्वांटमचे नियम लावले. १९२७ला डिरॅकने तेच प्रकाशाच्या बाबतीत केलं आणि अणू प्रकाश कसा सोडतो-शोषतो याचं गणित मांडलं. म्हणजे क्षेत्र आधीपासून होतंच, नियम लावल्यावर त्यातून फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, निघाले. (गंमत म्हणजे १९२६ला लुईसने 'फोटॉन' शब्द काढला तो निर्माण किंवा नष्ट न होणाऱ्या कणासाठी, आणि डिरॅकच्या गणितात फोटॉन सारखे जन्मतात नि मरतात. शब्द टिकला, अर्थ गेला.)

घोळ झाला तो इलेक्ट्रॉनमुळे. तो आधी कण होता, १९२६ला श्रोडिंगरने त्याच्या लहरीचं समीकरण दिलं, हेच एक क्वांटायझेशन (क्वांटमचे नियम लावणं) झालं, मग जॉर्डनने आधी क्लाइनबरोबर आणि १९२८ला विग्नरबरोबर त्या लहरीलाच क्षेत्र मानून परत नियम लावले, म्हणून नाव पडलं 'सेकंड क्वांटायझेशन', मराठीत द्वितीय पुंजीकरण. हे नाव फसवं आहे कारण दोनदा असं काही होतच नाही, एका इलेक्ट्रॉनची लहर वेगळी आणि इलेक्ट्रॉनचं क्षेत्र वेगळं, दोघांचं समीकरण सारखं दिसतं इतकंच. पण ते नाव वाचून वाटतं की पुंज आधी आणि त्यांचं क्षेत्र नंतर बनवलं, 'पुंजांचं क्षेत्र' हा विग्रह बहुतेक तिथूनच आला असावा.

आणि १९२९चा हायझेनबर्ग-पाउलींचा पेपर बघा, जर्मन शीर्षकाचं मराठी होईल 'लहरक्षेत्रांच्या क्वांटम गतिकीविषयी'. मूळ जर्मनमध्ये या दोन भागांमध्ये सरळ षष्ठी आहे, 'क्वांटम' आणि 'क्षेत्र' यांच्या समासाची भानगडच नाही.

तेव्हा लिहिताना 'पुंज-क्षेत्र' असं मध्ये संयोगचिन्ह टाकू नका, त्याने नेमका चुकीचा विग्रह पक्का होतो. मी स्वतः 'क्षेत्रांचा क्वांटम सिद्धांत' लिहितो, एक प्रत्यय जास्त लागतो, लागू दे.