सगळ्या लाइनी 316 च्या केल्या तर प्रश्न मिटेल का?

प्रश्न थोडक्यात असा: तळोज्याला लहान केमिकल युनिट, लाइनी पाच. स्टीम, कॉम्प्रेस्ड एअर, प्रोसेस वॉटर, 30 टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि 48 टक्क्यांचं कॉस्टिक लाय (सोडियम हायड्रॉक्साइड). कन्सल्टंट म्हणतो, "सगळं एसएस 316 टाका, डोक्याला ताप नको." एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील, 304 आणि 316 हे त्याचे ग्रेड.

ताप तिथूनच सुरू होतो. हायड्रोक्लोरिकच्या लाइनीला 316 सुचवणाऱ्याने त्या ॲसिडाची बरणी तरी पाहिली आहे का, हे आधी विचारा. 304 काय आणि 316 काय, क्लोराइड त्यांच्या अंगावरचा क्रोमियम ऑक्साइडचा थर टिकू देत नाही. त्या ॲसिडात पाइप हायड्रोजनचे बुडबुडे सोडत विरघळायला लागतो. तिथे पीपी-एफआरपी घ्या, म्हणजे आत पॉलिप्रॉपिलीन, बाहेर फायबरचं कवच. प्रेशर जास्त असेल किंवा फोर्कलिफ्टचा धक्का लागायची भीती असेल तर एमएसला (साध्या पोलादाच्या पाइपाला) आतून पीटीएफई (टेफ्लॉन) लायनिंग. लायनिंगच्या पाइपाला बाहेरून बारीक वीप होल असतं. पेंटर ते हमखास बुजवतो. मग लायनिंगमागे झिरपलेली वाफ बाहेर पडत नाही आणि लायनिंग आतल्या बाजूला फुगतं. पंपाच्या सक्शनला तर लायनिंगचं व्हॅक्यूम रेटिंग विचारल्याशिवाय ऑर्डर देऊ नका, ते पोटात ओढलं जाऊन लाइन बंद होते.

लायला साधा एमएस, सीमलेस (बिनजोड), शेड्यूल 40 (हा भिंतीच्या जाडीचा आकडा), सगळे जोड वेल्डेड. 50 अंशांच्या आत असेल तर यापलीकडे काही लागत नाही. त्याहून गरम करणार असाल तर वेल्डचं स्ट्रेस रिलीव्हिंग (तापवून आतला ताण काढणं) करून घ्या, नाहीतर कॉस्टिकने तडे जातात. जीआय (जस्त चढवलेला पाइप) नको, कारण जस्त कॉस्टिकमध्ये विरघळतं. ॲल्युमिनियम आणि पितळेचे व्हॉल्व्ह नकोत. गॅस्केट ईपीडीएम रबराचं किंवा पीटीएफईचं. व्हिटॉन हे रबर महाग असतं म्हणून चांगलंच असेल असं समजून कॉस्टिकवर लावणारे आहेत, ते तिथे टिकत नाही. महाग म्हणजे सोसणारं, हा हिशेबच चुकीचा आहे. 98 टक्क्यांचं सल्फ्युरिक साध्या एमएसमध्ये वर्षानुवर्षं राहतं, फक्त वेग सेकंदाला एक मीटरच्या आत ठेवायचा. त्यात पाणी शिरून ते पातळ झालं की तोच पाइप पार चाळणी होतो.

स्टीमला ए106 ग्रेड बी (कार्बन स्टील) सीमलेस, शेड्यूल 40. साडेतीन किलोच्या वर प्रेशर असेल तर लाइन आयबीआरमध्ये (भारतीय बॉयलर नियमांत) येते, तेव्हा पाइपाबरोबर फॉर्म तीन-ए (पाइपाच्या तपासणीचा दाखला) हातात घेतल्याशिवाय माल उतरवू नका. इथे 316 टाकणं नुसतं उधळपट्टीचं नाही, उलट जास्त धोक्याचं आहे. आपल्याकडे जूनमध्ये क्लॅडिंगच्या (इन्सुलेशनवरच्या पत्र्याच्या) सांध्यांतून पाणी इन्सुलेशनमध्ये उतरतं, समुद्राकडच्या हवेतला खार आधीच तिथे बसलेला असतो, आणि पाइप 60 अंशांच्या वर. या तिन्ही गोष्टी जुळल्या की 304 आणि 316 दोन्हींना बाहेरून झाडाच्या मुळांसारखे बारीक तडे जातात. एमएस तिथे गंजतो, पण सावकाश, आणि जाडी मोजून कळतं तरी. शिवाय एसएस जास्त लांबतं. 7 बारची स्टीम साधारण 170 अंशांची. 40 मीटरची लाइन 30 वरून तिथे गेली की एमएस 67 मिमी वाढतो, एसएस 95 मिमी. एमएसच्या हिशेबाने काढलेला लूप (ही वाढ सोसणारं वळण) एसएसला पुरत नाही. कंडेन्सेटची (वाफेच्या झालेल्या पाण्याची) लाइन मात्र शेड्यूल 80 ची करा, कार्बोनिक ॲसिड तिचा तळ खातं.

एअरला पीव्हीसी किंवा सीपीव्हीसी कधीही नाही. पाण्याच्या प्रेशरला तो पाइप चिरतो, हवेच्या प्रेशरला त्याच्या ठिकऱ्या उडतात. ॲल्युमिनियम किंवा 304 शेड्यूल 10 घ्या, पैसे कमी असतील तर सी क्लास (जाड भिंतीचा) एमएस आणि शेवटी फिल्टर. टॅपिंग, म्हणजे फाटे, मुख्य लाइनीच्या वरच्या बाजूने काढा.

राहिली प्रोसेस वॉटरची लाइन, आणि मी लिहायला बसलो ते हिच्यासाठीच. तुमचा कन्सल्टंट म्हणतोय ते वाक्य शब्दाला शब्द ऐकलेलं आहे.

चेंबूरच्या बाजूच्या एका युनिटातली लाइन. 50 एनबी (नाममात्र आकार), 304एल (कमी कार्बनचा 304), शेड्यूल 10, म्हणजे भिंत 2.77 मिमी. लांबी 80 मीटरच्या आसपास. एप्रिलमध्ये टाकली. महापालिकेचं कनेक्शन आलेलं नव्हतं म्हणून मे महिन्यात हायड्रोटेस्टला (पाणी भरून दाबाच्या चाचणीला) टँकर मागवला. डिझाइन 8 बार, टेस्ट दीडपट, 12 बार. काटा हलला नाही, सगळ्यांनी सह्या केल्या. पंप यायला उशीर झाला आणि पाणी लाइनीत तसंच राहिलं. लाइनीला उतार दिला नव्हता, खालच्या टप्प्यावर ड्रेनही नव्हता, त्यामुळे काढायचं म्हटलं तरी निम्मं आतच राहिलं असतं. गणपतीनंतर लाइन चालू केली तेव्हा अकरा जोडांवर पाण्याचे थेंब धरले होते.

जोड कापून पाहिले. बाहेरून भोक सुईच्या टोकाएवढं, आत मसुराच्या दाण्याएवढी पोकळी. सगळी पाइपच्या तळाला, वेल्डवर किंवा वेल्डपासून दोन-चार मिलिमीटरवर. प्रत्येक पोकळीवर नारिंगी गंजाची टेकडी. आणि वेल्डच्या आतल्या कडेला निळसर-तपकिरी पट्टा, म्हणजे टिग वेल्डिंग करताना आतून आर्गन सोडलेला नव्हता. त्या पट्ट्याखालच्या धातूतलं क्रोमियम कमी झालेलं असतं, तिथून पोखरायला सोपं जातं. टँकरच्या पाण्यात क्लोराइड लीटरला 400 मिलिग्रॅमच्या वर निघालं. खाडीजवळच्या बोअरवेलचं पाणी, दुसरं काय निघणार? पाणी तर पिण्याचं होतं, असं साइटवाले म्हणाले. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला क्लोराइड 250 पर्यंत आणि दुसरा स्रोत नसेल तर 1000 पर्यंत चालतं. माणसाला चालतं ते 304 ला चालेलच असं नाही. वाहत्या थंड पाण्यात 304 ची मजल 200 पर्यंत, 316 ची 1000 पर्यंत. साचलेल्या पाण्यात हे आकडेही भरवशाचे नाहीत, कारण गाळाखाली जिवाणू आपला संसार थाटतात आणि तेवढ्या जागेतलं रसायन बदलून टाकतात.

मग मीटिंग झाली. खरेदी विभाग म्हणाला, पाइप डुप्लिकेट आहे, मुंबईतल्या गुलालवाडीच्या व्यापाऱ्याने 202 (कमी निकेलचा स्वस्त ग्रेड) दिला. शंका अगदीच हवेतली नव्हती, बाजारात हे चालतं, आणि लोहचुंबकाने कळत नाही, कारण 202 आणि 304 दोन्हींना तो धरत नाही. पण पीएमआय गन (धातूतली मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) लावली तर क्रोमियम 18 च्या वर, निकेल 8 च्या वर. पाइप 304 च होता. (ही गन कार्बन मोजत नाही, म्हणून तो "एल" आहे की नाही ते तिच्यावरून ठरत नाही. त्याला स्पार्क स्पेक्ट्रोमीटरची (ओईएस) टेस्ट लागते.) तरी व्यापाऱ्याचं बिल अडवलं, आणि कन्सल्टंटने अहवालात एका ओळीत लिहिलं: 316एल वापरावा. पाण्याबद्दल, उताराबद्दल, आर्गनबद्दल एक अक्षर नाही. माझं म्हणणं तेव्हा होतं आणि आजही आहे: तेच पाणी, तोच निळा पट्टा आणि तोच साचलेला तळ असता तर 316एलसुद्धा गेला असता. कदाचित दिवाळीपर्यंत थांबला असता. त्या लाइनीत चूक मटेरियलची नव्हती, चार महिन्यांच्या साचलेल्या पाण्याची होती.

तेव्हा तुमच्या वॉटर लाइनीला 304एल पुरे, पण वर्क ऑर्डरमध्ये हे लिहून घ्या. वेल्डिंगच्या वेळी आतून आर्गन, आणि पहिले तीन जोड कापून आतली कड दाखवायची. बाहेरून पिकलिंग पेस्ट (वेल्डचे डाग काढणारी) लावली तर ती पूर्ण धुवायची, तिच्यात नायट्रिकबरोबर हायड्रोफ्लोरिक असतं. एमएसवर वापरलेलं ग्राइंडिंग व्हील एसएसला लावायचं नाही. उतार 100 ला 1, प्रत्येक खालच्या टप्प्याला ड्रेन. टेस्टचं पाणी क्लोराइड 50 च्या आतलं, रिपोर्टसकट. टेस्ट संपल्या दिवशीच लाइन रिकामी करून तेलविरहित हवेने कोरडी.

आता कन्सल्टंटच्या बाजूनेही बोलायला हवं. तुमचं रोजचं पाणीच टँकरचं असेल आणि क्लोराइड 200 च्या वर जात असेल तर वॉटर लाइन 316एल करा, तिथे तो बरोबर आहे. फक्त नमुना मे महिन्यातला तपासा. पावसाळ्यातला रिपोर्ट दाखवून 304 गळ्यात मारतात. आणि गरम पाण्याची, इन्सुलेशनमधली लाइन असेल तर वरचा तड्यांचा मुद्दा तिलाही लागू आहे, तिथे 316 ने भागत नाही.

पीपी-एफआरपीचं एक राहिलं. ते बरंच लांबतं आणि लवकर वाकतं. सपोर्टचं अंतर एमएसच्या सवयीने तीन मीटर ठेवू नका, तापमानाप्रमाणे उत्पादकाच्या तक्त्यातून घ्या. आणि क्लॅम्प आवळून टाकू नका, पाइप त्यातून सरकला पाहिजे.