मागच्या बाकावर बस

प्रिय पोरी,

रविवारी तू जिन्यातच विचारलंस, "बाई, पीपीटी किती स्लाइडची करू?" गुरुवारी शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या मासिक बैठकीत, तुला बोलायचंय, समोर केंद्रातल्या म्हणजे आसपासच्या शाळांतले गणित-विज्ञानाचे शिक्षक, बहुतेक तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. त्यात साहेबांनी शाळा सोडून साधनव्यक्ती म्हणून, म्हणजे इतर शिक्षकांना प्रशिक्षण द्यायला ये, असं सुचवलेलं. तुझा चेहरा अगदी उतरला होता. चहा पिऊन तू गेलीस आणि मला रात्रभर झोप लागली नाही.

पीपीटी करू नकोस. कुणा एका शिक्षकाच्या वर्गात जा आणि मागच्या बाकावर बस. बाकीचं नंतर.

तुझ्या वयाची असताना मलाही वर्गातून काढून प्रशिक्षणाला लावलं होतं. चार वर्षं. हॉल, हार, चहा-बिस्किटं आणि फळ्यापुढे मी. एकदा दशांश अपूर्णांकांवर अडीच तास बोलले. संपल्यावर सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळेतले एक वयस्कर गुरुजी थांबले. म्हणाले, "बाई, माझी पोरं पंचवीस सांगितलं की बावन्न लिहितात. काय करू?" मी पिशवी भरत होते. मान वर न करताच म्हटलं, "सराव वाढवा, गुरुजी." ते बरं म्हणाले आणि गेले.

पुढे मी हट्टाने वर्गात परतले. एक दिवस तास रिकामा होता म्हणून दुसरीच्या वर्गात मागे जाऊन बसले. बाईंनी अंक सांगितला, पंचवीस. माझ्या शेजारच्या मुलीने "पंच" ऐकताच पाच लिहिला आणि "वीस" ऐकून त्याच्यापुढे दोन. झाले बावन्न. मग थांबली, स्वतःशीच "इरवै ऐदु" पुटपुटली, थुंकीच्या बोटाने ते पुसलं आणि २५ लिहिलं. आई विड्या वळणारी, बाप यंत्रमागावर, घरात तेलुगू. तेलुगूत आधी वीस येतात, मग पाच. कानडीतही तसंच. मराठीत पाच आधी. पोर ऐकलं त्याच क्रमाने लिहीत होती गं! इतकी वर्षं सोलापुरात गणित शिकवून मला हे दिसलं नव्हतं, कारण मी कायम पोरांच्या समोर उभी. पेन्सिल कुठे थबकते ते शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

२०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात २१, २२ साठी 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा राज्यभर त्याची चेष्टा झाली. ती पद्धत चांगली की वाईट, हा वाद वेगळा. मला तेव्हा फक्त ते बावन्नवाले गुरुजी आठवले. त्यांना शोधून काढून सांगायला हवं होतं. मी गेले नाही.

म्हणून सांगते, मागच्या बाकावर बस.

सोपं नाही, ठाऊक आहे. मागे येऊन बसणारा माणूस म्हणजे तपासणी, हे आपल्या लोकांच्या मनात पक्कं बसलंय. म्हणून जाताना हातात कसलाही तक्ता नको, अहवाल नको. बाहेर आल्यावर शिक्षकाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. एका मुलाने काय केलं, तेवढंच बोलायचं. आणि आधी स्वतःच्या वर्गाचं दार उघड. तुझ्या सहावीची ती वही गुरुवारी घेऊन जा, जिच्यात ०.८ पेक्षा ०.३५ मोठं लिहिलंय, कारण आठापेक्षा पस्तीस मोठे. "माझ्या वर्गात हे होतंय, मला सुटत नाही, कुणी येऊन बघाल का?" असं विचार. वयाने मोठा माणूस तुझा उपदेश ऐकणार नाही, पण मदत मागितलीस तर येईल. ऐकतील का, ऐकतील का, हे पालुपद आता पुरे कर.

आपल्या कितीतरी शाळांत गणित-विज्ञान मिळून एकच माणूस असतो. अडलं तर विचारायचं कुणाला? होशंगाबादला १९७२ मध्ये सोळा शाळांत विज्ञान शिकवण्याचा वेगळा प्रयोग सुरू झाला, तो पुढे मध्य प्रदेशातल्या इतर जिल्ह्यांतही पसरला. त्याचा कणा होता शिक्षकांच्या मासिक बैठका. शाळेत शिकवणारेच इतरांना प्रशिक्षण देत, अडलेला धडा बैठकीत आणत. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला, पण तीस वर्षं चालला. आपल्याकडेही परिषद दर महिन्याला होते, पण तिथे परिपत्रकं वाचतात. नवं शैक्षणिक धोरण शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण सांगतं. त्यातले दहा तास एकमेकांच्या वर्गात बसू दिलं तरी मला पुरे.

मी मुख्याध्यापकपद दोनदा नाकारलं, तेव्हा मी जबाबदारी टाळली असं लोक म्हणाले. खोटं आहे ते. त्या खुर्चीत बसले असते तर महिन्यातले पंधरा दिवस शालेय पोषण आहाराच्या नोंदी आणि माहिती पाठवण्यात गेले असते. चार वर्षं वर्गाबाहेर काढल्यावर माणूस कसा बोथट होतो ते मी स्वतःवर पाहिलं होतं. मी आडमुठी होते, अजून आहे, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

तेव्हा साधनव्यक्ती होऊ नकोस. अगदीच भाग पडलं, तर "आठवड्यातले दोन दिवस माझ्या वर्गात माझा तास राहील" असं साहेबांकडून लेखी घे. साहेब हसतील. हसू देत.

गुरुवारी रात्री फोन करू नकोस, तुझं भाषण कसं झालं ते मला ऐकायचं नाही. पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी वर्गात बसून आलीस की कर, आणि शेजारच्या पोराने वहीत काय लिहून काय खोडलं ते सांग. विडी घरकुलातून, विडी कामगारांच्या वसाहतीतून येणारी पोरं आहेत ना तुझ्या वर्गात? जाण्याआधी त्यांच्याकडून तेलुगूत पन्नासपर्यंत मोजायला शीक.

तुझी,
बाई